यंत्राचा शोध आणि संशोधकाची सूची

'शोध' आणि 'संशोधन' हे दोन शब्द मराठीत इतके जवळजवळ नांदतात की, एकाचे काम दुसऱ्याकडे केव्हा गेले हे पुष्कळदा ध्यानातही येत नाही. संगणकाला एखादा शब्द द्यावा, क्षणार्धात शेकडो उल्लेख समोर यावेत आणि ते क्रमाने मांडले म्हणजे प्रबंधाचे एक प्रकरण सिद्ध झाले असे मानावे, ही प्रवृत्ती आपल्या अभ्यासक्षेत्रात रुजू लागली आहे. उलटपक्षी, यंत्राने शोधलेले ते संशोधनच नव्हे असे म्हणून त्याकडे पाठ फिरवणारा वर्गही आहे. या दोन्ही भूमिका एकाच अज्ञानातून निघतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रचंड संचयात यंत्र शोध कसा घेते आणि त्यावरून अनुमान कसे करते, हे पाहण्याची तसदी न घेताच आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो किंवा अविश्वास दाखवतो. ही माहिती करून घ्यायची तर १९८० नंतरच्या दशकातील महासमांतर संगणकांचा इतिहास फार उपयोगी पडतो. आज यंत्राच्या पोटात दडलेले अनेक प्रश्न त्या काळी उघडपणे, वादी-प्रतिवादी या नात्याने मांडले गेले होते.

१.

नेहमीच्या संगणकात स्मृती एकीकडे आणि हिशेब करणारा संस्कारक दुसरीकडे असतो. स्मृतीत कितीही मोठा ग्रंथसंग्रह साठवला तरी संस्कारक एका वेळी त्यातला एखादा कणच उचलून तपासतो. उरलेला संग्रह तोवर निष्क्रिय पडून असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डॅनियल हिलिस या संशोधकाने या रचनेलाच आव्हान दिले. स्मृतीचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यापाशी एक छोटा संस्कारक बसवावा आणि सर्वांना एकाच वेळी एकच आज्ञा द्यावी, अशी त्याची कल्पना होती. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या 'थिंकिंग मशीन्स' या कंपनीने त्या कल्पनेवरून 'कनेक्शन मशीन' घडवले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ६५,५३६ संस्कारक होते. प्रत्येकाची स्वतःची स्मृती अवघी ४,०९६ द्विमान अंकांची, म्हणजे जेमतेम काही ओळी मावतील इतकी. परंतु सर्व मिळून एकाच आज्ञेसरशी कामाला लागत.

या यंत्राचा ग्रंथसंचयात शोध घेण्यासाठी कसा उपयोग करता येईल, हे क्रेग स्टॅनफिल आणि ब्रूस्टर काहल यांनी १९८६ च्या डिसेंबरात 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकातील लेखात मांडले. मजकूर जसाच्या तसा न ठेवता त्याचा एक सांकेतिक ठसा प्रत्येक संस्कारकापाशी ठेवायचा, ही त्यांची युक्ती. प्रत्येक शब्दाने त्या ठशात ठरावीक जागी खुणा उमटायच्या. शोधाच्या वेळी सर्व संस्कारकांना एकदमच विचारायचे, 'या खुणा तुझ्यापाशी आहेत काय?' वेगवेगळ्या शब्दांच्या खुणा एकमेकींवर पडत असल्यामुळे क्वचित खोटा होकार येई. परंतु शब्द असूनही नकार आला, असे मात्र या रचनेत घडत नसे. मिळालेल्या मजकुरांपैकी उपयुक्त कोणता हे वाचकाने दाखवले की, त्या संपूर्ण मजकुरातील शब्द घेऊन यंत्र त्याच्यासारखे आणखी मजकूर धुंडाळी. 'यासारखे आणखी दाखव' ही आज सर्वपरिचित झालेली सोय तेथे प्रत्यक्ष चालू होती. त्या दशकाच्या अखेरीस 'डाऊ जोन्स' या वृत्तसंस्थेने आपल्या ग्राहकांसाठी वृत्तशोधाची सेवा याच यंत्रावर सुरू केली.

२.

मराठीच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावे असे काही असेल तर ते यानंतरचे वादपर्व होय. १९८७ मध्ये हॅरोल्ड स्टोन यांनी आणि १९८८ मध्ये जेरार्ड सॉल्टन व ख्रिस बक्ली यांनी या पद्धतीवर मूलगामी आक्षेप घेतले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: हजारो संस्कारकांनी प्रत्येक प्रश्नासाठी सगळा संग्रह नव्याने चाळायचा, यात बहुतांश श्रम वाया जातात. त्याऐवजी कोणता शब्द कोठे आला याची सूची आधीच करून ठेवली, तर साधा क्रमाने चालणारा संगणकही तेच काम तितक्याच समर्थपणे करू शकतो. या आक्षेपांचा परिणाम झाला. १९८९ मध्ये स्टॅनफिल, वॉल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने समांतर यंत्रासाठी जी नवी पद्धती मांडली, तिच्या मुळाशी सूचीच होती.

पासष्ट हजार संस्कारकांना अखेर सूचीच्या आश्रयाला यावे लागले, ही घटना आपल्याला पुष्कळ काही शिकवणारी आहे. सूचिकार्य म्हणजे बुद्धिहीन हमाली, असा समज आपल्याकडे दृढ आहे. वस्तुतः पुढे कोणते प्रश्न विचारले जातील याचा विचार आधीच करून ठेवणे म्हणजे सूची. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली तेव्हा त्यांनी ग्रंथांची नावे गोळा केली एवढेच नव्हे. ग्रंथ कोणत्या विषयाखाली पाहावा याचा निर्णयही प्रत्येक नोंदीगणिक घेतला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पात सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढण्यात आल्या आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चिठ्ठ्यांमागे असलेली विवेकबुद्धी कोणत्याही वेगवान यंत्राने फुकट मिळवून दिलेली नाही.

तथापि, या वादात सूचीच्या बाजूने कौल देऊन थांबणे अन्यायाचे होईल. सूची तिच्या कर्त्याला सुचलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते. ज्ञानेश्वरीची शब्दसूची हाती असली तरी तिच्यावरून ओवीच्या चरणान्ती कोणते यमक किती वेळा आले, हे कळत नाही. असा अनपेक्षित प्रश्न उपस्थित झाला की, सबंध ग्रंथ मुळापासून चाळण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तेथे समांतर यंत्राचे सामर्थ्य खरोखर उपयोगी पडते. सूची ही पूर्वसूरींची दूरदृष्टी आणि चाळणी ही नव्या प्रश्नाची मुभा. अभ्यासाला दोन्हींची गरज आहे.

३.

शोधापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न अनुमानाचा. त्या काळी यंत्राला शहाणे करण्याचा रूढ मार्ग नियमांचा होता. तज्ज्ञांना विचारून शेकडो नियम लिहून काढायचे आणि यंत्राने ते लागू करायचे. वर उल्लेखिलेल्या नियतकालिकाच्या त्याच अंकात स्टॅनफिल आणि डेव्हिड वॉल्ट्झ यांनी निराळा मार्ग सुचवला. त्याला आपण 'स्मृत्याधारित अनुमान' म्हणू. नियम मुळीच लिहू नयेत. पूर्वी निकालात निघालेली सर्व उदाहरणे तशीच्या तशी साठवावीत. नवे प्रकरण आले की प्रत्येक संस्कारकाने आपल्याजवळच्या उदाहरणाशी त्याचे साम्य मोजावे आणि सर्वांत जवळची उदाहरणे सांगतील तो निर्णय ग्राह्य धरावा. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेत लोकांनी आपला व्यवसाय स्वतःच्या शब्दांत लिहिला होता. त्या लक्षावधी नोंदींचे शेकडो ठरावीक वर्गांत विभाजन करण्यासाठी ही पद्धती वापरून पाहण्यात आली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, नियमांवर आधारलेल्या प्रणालीपेक्षा तिचे फलित सरस होते आणि ती उभारण्यास लागलेले मनुष्यश्रम कित्येक पटींनी कमी होते. मात्र त्यामागे माणसांनी आधी हाताने वर्गीकृत करून ठेवलेल्या हजारो नोंदी होत्या, हे विसरता कामा नये.

या अनुमानाचे स्वरूप आपल्या परंपरेच्या परिभाषेत नेमके सांगता येते. न्यायशास्त्रातील परार्थानुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नैयायिकांचे उदाहरण व्याप्तीसह येते. 'जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी' हा सार्वत्रिक संबंध सांगून मग स्वयंपाकघराचा दाखला दिला जातो. स्मृत्याधारित यंत्रापाशी दाखले हजारो असतात, व्याप्ती मात्र नसते. स्वयंपाकघरे, भट्ट्या, शेकोट्या असे सर्व दाखले समोर ठेवून ते म्हणते, 'हा डोंगर यांच्यासारखा दिसतो.' हा निर्णय बहुधा बरोबर असतो. परंतु धुके आणि धूर यांतील भेद दाखवणारे उदाहरण संचयात नसेल, तर हेत्वाभास ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी राहत नाही.

'भाव' हा शब्द घेऊन पाहू. बाजारातील दर, मनातील विकार, चेहऱ्यावरील आविर्भाव, भक्ताची निष्ठा, काव्यशास्त्रातील स्थायिभाव, इतक्या अर्थच्छटा त्याला आहेत. दोन-तीन हजार वाक्यांत त्याचा अर्थ जाणत्या वाचकांनी निश्चित करून ठेवला असेल, तर कांद्याचा भाव उतरल्याची बातमी यंत्र बिनचूक वेगळी काढील. परंतु ती सगळी वाक्ये वृत्तपत्रांतून घेतलेली असतील आणि समोर संतांचा अभंग आला, तर काय होईल? अशा वेळी या जुन्या पद्धतीचे दोन गुण उपकारक ठरतात. जवळचे एकही उदाहरण नसेल, तर ते तसे सांगू शकते. आणि निर्णय दिलाच, तर कोणत्या उदाहरणांवरून दिला हे दाखवू शकते. साहित्याच्या अभ्यासकाला निर्णयापेक्षा हे दोन गुणच अधिक मोलाचे वाटले पाहिजेत.

४.

ही सर्व यंत्रणा साम्यावर उभी आहे. आणि मराठीच्या बाबतीत साम्य मोजणे हीच मोठी अडचण आहे. स्टॅनफिल आणि काहल यांच्या रचनेत खोटा नकार संभवत नव्हता, असे वर म्हटले. मराठी मजकुरात तो पावलोपावली संभवतो. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यात' सापडत नाही, 'ऊन' शोधणाऱ्याला 'उन्हाने' सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे 'काही' शोधणाऱ्याला त्यापूर्वीच्या ग्रंथांतील 'कांहीं' दिसत नाही. एकाच अक्षराची संगणकीय लेखने निरनिराळी असू शकतात. 'ॲ' हे एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच 'अ'वर अर्धचंद्र देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच, यंत्राला मात्र भिन्न. शिवाय युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर जुळवलेल्या असंख्य मराठी पुस्तकांचा मजकूर त्या त्या टंकाच्या खाजगी संकेतांत अडकून पडला आहे.

या बाबतीत पुण्याचा इतिहास विचार करायला लावणारा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा समांतर महासंगणक तयार केला. आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे 'जिस्ट' तंत्रज्ञानही त्याच संस्थेत वाढले. म्हणजे शेकडो पटींनी वेगवान शोध आणि देवनागरीचे लेखन या दोन्ही विद्या एकाच छत्राखाली होत्या. यंत्र पुण्यात होते, लिपीही होती; मोठ्या प्रमाणावर शुद्ध करून साठवलेला मराठी ग्रंथसंचय मात्र नव्हता. तो तयार करणे हे अभियंत्यांचे काम नव्हते. ते आपले होते.

हे काम यांत्रिक नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. शोध सुलभ व्हावा म्हणून जुन्या ग्रंथांतील अनुस्वार सरसकट काढून टाकावेत, असा सोपा उपाय पुष्कळांना सुचतो. तसे केले तर 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन आणि 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन यांतील भेद नष्ट होतो. 'घरीं' या सप्तमीची खूण पुसली जाते. शोध सुलभ झाला, पण व्याकरणाच्या इतिहासाचा पुरावा गेला. म्हणून मूळ पाठ अबाधित ठेवून शोधासाठी त्याचे प्रमाणरूप स्वतंत्रपणे जोडले पाहिजे, आणि कोणते रूप कोणत्या शब्दाखाली जोडावे हे मराठीचे व्याकरण व वाङ्मय जाणणाऱ्यानेच ठरवले पाहिजे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही पाठभेदांचा संचय आणि निवडीचा प्रश्न हाच होता.

५.

'थिंकिंग मशीन्स' कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिची कल्पना मात्र मेली नाही. चित्रांसाठी निर्माण झालेल्या संस्कारकांमध्ये आज हजारो छोटे गणनघटक समांतर चालतात आणि अर्थाच्या जवळिकीवरून मजकूर शोधणाऱ्या आधुनिक प्रणाली जवळची उदाहरणे धुंडाळण्याचेच काम करतात. काहल यांनी १९९६ मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह' स्थापन केले. दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी आपले विद्यार्थी आज तेथे जातात. २०११ मध्ये 'वॉटसन' या यंत्राने २,८८० संस्कारक-गाभ्यांच्या बळावर अमेरिकेतील एका प्रश्नमंजूषेत नामवंत विजेत्यांना हरवले. याच स्पर्धेत अमेरिकेतील शहर विचारले असता त्याने 'टोरांटो' असे उत्तर दिले. ते उत्तर हास्यास्पद ठरले. परंतु त्यापुढे त्याने प्रश्नचिन्हांची रांग मांडली होती, हे फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. आपल्या पुराव्याचे बळ ते मोजत होते आणि आपली शंका जाहीर करत होते.

आजच्या विशाल भाषाप्रारूपांबाबत हीच चिंतेची बाब आहे. तीही उदाहरणांवरूनच शिकतात. परंतु शिकल्यानंतर उदाहरणे आकड्यांत विरघळून जातात. व्याप्ती आधीच नव्हती. आता दाखलाही दिसेनासा झाला आणि उरले केवळ निगमन, तेही आत्मविश्वासाने उच्चारलेले. बाहेरच्या ग्रंथसंचयाची जोड देऊन आधार दाखवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण त्या संचयात शुद्ध मराठी पाठ नसतील, तर आधार कशाचा दाखवणार?

मराठी गद्याच्या आरंभीच या प्रश्नाचा विचार झालेला आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या त्या अनेकांच्या आठवणी गोळा करून आणि पारखून. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर महानुभावांनी लीळाचरित्राची पुनर्रचना केली, तेव्हा एकाच लीळेची भिन्न स्मरणे एकमेकांत मिसळून टाकली नाहीत. अमुक पाठ अमक्याची 'वासना' म्हणून त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी नोंदवण्याची शिस्त त्यांनी पाळली. स्मृतीवर आधारलेले ज्ञान विश्वसनीय कसे करावे, याचे हे आदर्श उदाहरण होय. यंत्राकडून आपण जे मागायचे ते हेच: प्रत्येक निष्कर्षाबरोबर त्याची वासना.

६.

यावरून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. आपल्या विद्यापीठीय विभागांत एखाद्या कवीच्या काव्यातील प्रतिमासृष्टीवर तीनशे पाने लिहिणाऱ्याला पदवी मिळते. त्याच कवीच्या समग्र काव्याचा पाठभेदांसह शुद्ध संगणकीय पाठ आणि सार्थ शब्दसूची सिद्ध करणाऱ्याचे काम मात्र पूर्वतयारी मानले जाते. ही उतरंड बदलली पाहिजे. संहितासंपादन, सूची आणि अर्थनिश्चित उदाहरणसंग्रह यांना विद्यावाचस्पती पदवीसाठी प्रबंधाइतकीच मान्यता असावी. त्यांची परीक्षाही तितकीच कठोर व्हावी. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील एक तरी ग्रंथपरंपरा निवडून तिचा असा संचय तयार करावा आणि तो सर्वांना खुला ठेवावा. दुसरी गोष्ट प्रबंधलेखनाची. संगणकीय शोधावर आधारलेल्या विधानाबरोबर कोणता संचय धुंडाळला, कोणती रूपे दिली, कोणती सोडली आणि कोणत्या आवृत्तीचा पाठ होता, हे नमूद करण्याचा दंडक असावा. 'हा शब्द या कवीत आढळत नाही' असे नकारात्मक विधान करणाऱ्यावर तर ही जबाबदारी दुप्पट आहे.

या मागणीवर एक आक्षेप संभवतो. अशा कामांना पदव्या दिल्या, तर साहित्याच्या आस्वादाची आणि मीमांसेची जागा कारकुनी घेईल, असे म्हटले जाईल. आक्षेप अगदीच निराधार नाही; शब्द मोजून कविता कळत नाही. परंतु 'केलें' आणि 'केले' यांतील फरक जपायचा की नाही, 'भाव' येथे निष्ठा आहे की विकार, याचा निर्णय घेणारा माणूस मीमांसाच करत असतो. फक्त ती तो ओळीगणिक करतो आणि पुढच्या अभ्यासकाला तपासता येईल अशा रीतीने मांडतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने होणाऱ्या खर्चातून यंत्रे घेतली जातील, आणि ती घ्यावीतही. परंतु १९९१ मध्ये जे घडले ते पुन्हा घडू नये. महानुभावांच्या कित्येक पोथ्या सकळ लिपीत लिहिलेल्या आहेत. संकेताची किल्ली ठाऊक असल्याखेरीज जगातील कोणतेही यंत्र त्यांतला एक शब्दही शोधून देणार नाही. ती किल्ली जाणणारे, पोथी वाचणारे आणि वाचलेले नोंदवणारे विद्यार्थी तयार करणे ही आपल्या विभागांची जबाबदारी आहे, आणि येत्या अभ्यासक्रमाच्या फेररचनेत हस्तलिखितवाचन व सूचिशास्त्र यांना अनिवार्य स्थान देऊन तिचा आरंभ करता येईल.